दहावीचा फॉर्म नाही, वर्ग शोधून राहिले (घाटंजी तालुका, यवतमाळ)

गटाची सचिव

नमस्कार. मी घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. वय 33. 2005 च्या दिवाळीनंतर मी नववीतून शाळा सोडली. हायस्कूल आमच्या गावापासून सहा किलोमीटर, मधात नाला, आणि त्या वर्षी बाबांची पाठ धरली म्हणून वेचायला माणूस नव्हता. मी वेचायला गेले. कापूस संपेपर्यंत फेब्रुवारी आला. वर्गात माझ्या जागेवर दुसरी मुलगी बसायला लागली होती. मग कोणी जा म्हटलं नाही, मीही गेले नाही. पुढच्या वर्षी लग्न झालं.

आता गावात मुलींना शाळेत न्यायला सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस येते. सकाळी ती वळणावर हॉर्न वाजवते तेव्हा मी चुलीपुढे असते. रोज ऐकू येतो तो हॉर्न.

मी नऊ वर्षांपासून आमच्या बचत गटाची सचिव आहे. अकरा बायका आहेत. खतावणी, ठराव, बँकेचं सगळं मीच लिहिते. मागच्या साली आमच्या गावच्या पोलीस पाटलाची जागा निघाली, ती महिलेसाठी होती. ग्रामपंचायतीच्या फलकावर जाहिरात लागली आणि दोघातिघांनी घरी येऊन सांगितलं, वहिनी, तुम्हीच भरा, तहसीलात तरी कोण जाते तुमच्याशिवाय. जाहिरातीत अट होती दहावी पास. मी ती दोनदा वाचली आणि घरी आले. घरच्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

तेव्हापासून ठरवलंय की दहावी करायची. पोलीस पाटलाची जागा आता भरली गेली, पण पुढे काहीही निघालं तर त्या एका ओळीपाशी मला पुन्हा थांबायचं नाही.

घाटंजीला ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात गेले तर तो मुलगा म्हणाला, 17 नंबर, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म, भरून देतो, दहा मिनिटांचं काम आहे. मी विचारलं, शिकवणार कोण? तो म्हणाला, मोबाईलवर सगळं असते मावशी. आमच्या घरी चांगला मोबाईल एकच, तो मुलगा आयटीआयला घेऊन जातो, आणि रेंज गच्चीवर उभं राहिलं तरच. यवतमाळला दोन ठिकाणी शिकवणी वर्गात विचारलं. एका ठिकाणी म्हणाले, आम्ही शाळेतलीच मुलं घेतो. दुसऱ्या ठिकाणी घ्यायला तयार होते, पण वर्ग संध्याकाळी पाच ते सात, आणि सातनंतर आमच्या बाजूला एसटी नाही. तिकीट आता बायकांना अर्धं झालं आहे, पण गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं काय करू?

मुलाची दहावीची पुस्तकं माळ्यावर होती, ती काढली. इतिहास, भूगोल, मराठी वाचून समजते. गणित भाग 1 मध्ये अर्थनियोजनाचा पाठ आहे, त्यातला जीएसटीचा हिशेब मी दोन दिवसांत सोडवला, पहिल्यांदा उत्तर जुळलं तेव्हा मी एकटीच हसले. पण वर्गसमीकरणापाशी पंधरा दिवस अडकून आहे. मुलाला विचारलं तर तो भराभर सोडवून दाखवतो आणि म्हणतो, असं. ते 'असं' मला दिसत नाही. मला समोर उभं राहून शिकवणारं माणूस पाहिजे, ज्याला मी म्हणू शकेन की समजलं नाही, परत सांगा. परत सांगितलं आणि तरी नाही समजलं तर तिसऱ्यांदा सांगा.

मुंबईत रात्रशाळा असतात असं वाचलं. आमच्या भागात मोठ्या माणसांसाठी असा वर्ग कुठे लागतो का? कोणी स्वतः केला आहे का? आणखी एक. माझ्या जुन्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. त्याने अडेल का?

चांदूरवाला

ताई, सोप्पं आहे. 17 नंबर भरा, बाजारातून अपेक्षित प्रश्नसंच आणा, तीन महिने रट्टा मारा. 35 टक्के तर पाहिजे. माझ्या मित्राने ट्रॅक्टर चालवता चालवता काढली दहावी. क्लासबिसची गरज नाही.

गटाची सचिव

दादा, तुमच्या मित्राने काढली याचा आनंद आहे. पण त्यांची शाळा सुटून किती वर्षं झाली होती? माझी 19 झाली. पाठ करून उत्तर लिहिता येईल, पण समीकरण पाठ करता येत नाही. मला खरंच वर्ग पाहिजे.

आर्वीची काकू

बाई, तुमचं लिहिलेलं वाचलं आणि रात्रीचं जेवण बाजूला ठेवून लिहायला बसली. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातली. 38 व्या वर्षी दहावी पास झाली. पहिल्या खेपेला मार्चमध्ये गणित राहिलं, जुलैच्या पुरवणी परीक्षेत ते काढलं. म्हणून मी सांगते ते वाचीव नाही, केलेलं आहे.

आधी हे मनातून काढून टाका की वर्ग कुठेतरी तयार लागलेला आहे आणि तुम्हाला फक्त त्याचा पत्ता मिळत नाही. मी ह्यातच एक वर्ष घालवलं. वर्ध्याला विचारलं, अमरावतीला बहिणीला विचारायला लावलं. 'प्रथम' संस्थेचा सेकंड चान्स नावाचा कार्यक्रम आहे, 2011 पासून चालतो, शाळा सुटलेल्या मुली आणि बायकांना दहावीपर्यंत नेतात. आधी पाया पक्का करतात, मग दहावीचे विषय. तुमच्या तालुक्यात त्यांचा वर्ग आहे का हे पंचायत समितीतल्या उमेदच्या, म्हणजे बचत गटांचं काम पाहणाऱ्या सरकारी अभियानाच्या, कक्षात पहिल्यांदा विचारा, गटाच्या सचिव आहात तर तिथले लोक तुम्हाला ओळखतच असतील. असला तर देव पावला. माझ्या जवळ नव्हता. मग आम्ही वर्ग बसवला.

कसा, ते सांगते. आमच्या गावात ग्रामपंचायतीची अभ्यासिका आहे. तुमच्या किंवा शेजारच्या गावात असेलच, आता बऱ्याच गावांत आहे. तिथे पोलीस भरतीची, तलाठ्याची, एमपीएससीची तयारी करणारी पोरं-पोरी रात्री बारापर्यंत बसतात. बाई, त्यांना गणित येते! बुद्धिमत्ता आणि अंकगणित त्यांचं रोजचं आहे. त्यातली एक मुलगी, बीएस्सी झालेली, दोन वर्षांपासून भरतीचे पेपर देऊन राहिली होती. तिला म्हटलं, आम्हाला शिकवशील? ती म्हणाली, काकू, मी कधी शिकवलं नाही. मी म्हटलं, आम्हीही कधी शिकलो नाही. आम्ही सात जणी होतो. प्रत्येकीने महिन्याला शंभर रुपये काढले, ते तिला दिले. तिला नको होते, पण आम्हीच दिले. कारण फुकटाचा वर्ग असला की न जायला कारण सापडते. पैसे घेतले म्हणून तीही वेळेवर यायची.

जागा जिल्हा परिषदेच्या शाळेची. मुख्याध्यापकांना अर्ज दिला, सरपंचाची सही घेतली. चाव्या आमच्यातल्या एकीकडे. वेळ रात्री साडेसात ते साडेनऊ. स्वयंपाक सहालाच आटपायचा. पहिले पंधरा दिवस घरोघरी कुरकुर झाली, मग सासवांनाच सवय झाली. आमच्यातल्या दोघींची लहान पोरं वर्गातच मागच्या बाकावर झोपायची.

आता हंगामाचं. तुम्ही त्याचं विचारलं नाही, पण वर्ग तिथेच मोडतो. आपल्याकडे सोयाबीन सोंगणीला येते तेव्हापासून तूर घरात येईपर्यंत बाईला श्वास नाही. कापूस दिवाळीपासून चालू होतो आणि दुसरा-तिसरा वेचा संक्रांतीच्या पुढे जातो. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे पोरं अभ्यासाच्या जोरात असतात तेव्हा आपण वावरात. वरून गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला वीज रात्रीची, घरचा माणूस ओलिताला जातो, मग पोरांजवळ कोणी पाहिजे. आमचा वर्ग पहिल्या साली ऑक्टोबरात जवळपास बंद पडला. सातापैकी दोघी यायच्या.

दुसऱ्या साली आम्ही शहाण्या झालो. जड विषय, म्हणजे गणित, इंग्रजी आणि विज्ञान भाग 1, एप्रिल ते ऑगस्टमध्ये उरकले. उन्हाळ्यात दुपारी वावरात कोणी जात नाही, तेव्हा दुपारी एक ते चार वर्ग. शाळेला सुट्ट्या असतात, खोली मोकळी. पावसाळ्यात झड लागली की निंदण थांबते, त्या दिवशी निरोप न देताच वर्ग भरायचा, सगळ्यांना ठाऊक होतं. सप्टेंबर ते डिसेंबर फक्त वाचायचे विषय: इतिहास-राज्यशास्त्र, भूगोल, मराठी, हिंदी. वेचता वेचता आम्ही एकमेकींना प्रश्न विचारायचो. भूगोलात भारत आणि ब्राझीलची तुलना आहे, ती मी अख्खी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळीत पाठ केली. जानेवारीत परत गणित, रोज एक तास, नुसती उजळणी.

आणखी एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती. हात! तीन तास लिहायची सवय गेलेली असते. पहिल्या सराव पेपरला माझा अंगठा अर्ध्या तासात आखडला आणि येत असलेली उत्तरं राहिली. तुम्ही ठराव लिहिता म्हणून तुमचं बरं असेल, तरी दर रविवारी घड्याळ लावून पूर्ण पेपर लिहा.

गणितासाठी एकच सांगते. तुम्ही वर्गसमीकरणापाशी अडल्या ना, तिथे अडून राहू नका. अंकगणिती श्रेढीवर जा. दर महिन्याला दहा रुपये वाढवून हप्ता भरला तर बाराव्या महिन्यात किती आणि एकूण किती, हेच आहे ते. गटाचा हिशेब आहे. मग सांख्यिकी, मग संभाव्यता. वर्गसमीकरणाला परत या, पण आधी अवयव पाडणं पक्कं करा, ते आठवी-नववीतलं आहे आणि तुमची नववी अर्धी सुटली आहे. म्हणूनच ते मुलाचं 'असं' तुम्हाला दिसत नाही. तुमच्या डोक्यात कमी काही नाही, मधलं एक पायरीचं पुस्तक वाचायचं राहिलं आहे. नववीचं गणित आणा. बालभारतीची सगळी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात, पण मी म्हणेन छापील घ्या, मोबाईलवर गणित होत नाही.

बाकावरचे गुरुजी

मी यवतमाळ जिल्ह्यातच माध्यमिक शाळेत 31 वर्षं शिक्षक होतो, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. आमची शाळा 17 नंबरची संपर्क केंद्र होती, ते काम बरीच वर्षं माझ्याकडेच होतं. काकूंनी वर्गाचं फार चांगलं सांगितलं. मी कागदाचं सांगतो, कारण अभ्यास झालेला असताना कागदासाठी वर्ष गेलेलं मी पाहिलं आहे.

नमुना क्रमांक 17 म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्यासाठीची नावनोंदणी. किमान पाचवी पास होऊन शाळा सोडलेली असावी आणि वयाची 14 वर्षं पूर्ण असावीत. ताई, तुम्ही आठवी पास आहात, प्रश्नच नाही. मंडळाची सूचना साधारण जुलै-ऑगस्टच्या सुमारास निघते, अर्ज ऑनलाइन, आणि त्यातच संपर्क केंद्र म्हणून एक शाळा निवडायची असते. यवतमाळ जिल्हा अमरावती विभागीय मंडळात येतो.

दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं: 17 नंबर भरला म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला असं समजतात. तसं नाही. ती फक्त नोंदणी. परीक्षेचं आवेदनपत्र नंतर वेगळं भरायचं असतं, त्याचं शुल्कही वेगळं. एका बाईंची नोंदणी झालेली, अभ्यास झालेला, आणि आवेदनपत्राची तारीख निघून गेली. त्या जानेवारीत हॉल तिकीट विचारायला आल्या. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. सांगायला पाहिजे होतं, आणि कोणी सांगितलं नाही, मीही त्यात आलो. त्यानंतर मी प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर तारखा स्वतः लिहून द्यायचो.

दुसरं: शाळा निवडताना लोक जवळची पाहतात. जवळची हवीच, पण ती तुमच्याशी बोलणारी हवी. विज्ञानाची प्रात्यक्षिकं, भाषेची तोंडी परीक्षा, गणित-सामाजिक शास्त्रांचं अंतर्गत मूल्यमापन हे सगळं संपर्क केंद्रातच होतं. प्रत्येक विषयाच्या शंभरातले वीस गुण तिथे असतात. जी शाळा तुम्हाला प्रयोगशाळेत बसवून भिंगाचा प्रयोग हाताने करू देईल, ती शाळा निवडा. फॉर्म भरायच्या आधी मुख्याध्यापकांना आणि विज्ञानाच्या शिक्षकांना भेटा. आणि ताई, त्यांना सरळ विचारा: शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास कोणी बसेल का? मी स्वतः बसायचो. नाही म्हणणारे असतील, पण विचारल्याशिवाय कोणी हो म्हणत नाही. तुम्ही शोधत आहात तो वर्ग अर्धा अभ्यासिकेत आहे आणि अर्धा या शनिवारच्या दोन तासांत.

नावाचं. दहावीच्या प्रमाणपत्रावर शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचंच नाव येतं, म्हणजे माहेरचं. त्याने परीक्षा अडत नाही. फॉर्म भरताना दाखल्याप्रमाणे नाव लिहा, आधारप्रमाणे लिहू नका, खाडाखोड तिथेच सुरू होते. पुढे नोकरीच्या वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत जोडायची. विवाह नोंदणी झालेली नसेल तर ग्रामपंचायतीत आत्ताच करून घ्या. आणि मूळ दाखला हातात आहे ना? केंद्रात मूळ प्रत द्यावी लागते. हरवला असेल तर जुन्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात तुमचं नाव असणारच, तिथून दुय्यम प्रत मिळते, सोबत प्रतिज्ञापत्र लागतं.

एक सवलत लक्षात ठेवा. एखाद-दुसरा विषय राहिला तर बाकीचे परत द्यावे लागत नाहीत. काकूंनी जुलैत फक्त गणित दिलं ते म्हणूनच. पहिल्याच झटक्यात सहाही विषय निघाले पाहिजेत असं ओझं घेऊन बसू नका.

डाकवाला चिमूर

मी ग्रामीण डाक सेवक आहे, चंद्रपूर जिल्ह्यात. एक बाजू राहिली ती सांगतो. दहावीला दुसराही रस्ता आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिला सगळे एनआयओएस म्हणतात. केंद्र सरकारचं आहे, दहावी म्हणून चालतं. पाच विषय, 33 टक्क्यांना पास, वर्षातून दोनदा परीक्षा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाच वर्षांत नऊ संधी. पुस्तकं मराठीतही मिळतात. त्यांच्या मान्यताप्राप्त अभ्यास केंद्रावर संपर्क वर्गही असतात, बहुतेक सुट्टीच्या दिवशी, म्हणजे तुम्ही म्हणता तसा वर्ग तिथे नियमातच आहे. फक्त केंद्र तुमच्यापासून किती लांब आहे ते आधी त्यांच्या यादीत पाहा.

माझ्या आत्तेबहिणीने हा रस्ता घेतला. तिथे गणित सक्तीचं नाही. कोणीतरी तिला सांगितलं, गणित टाळ, गृहविज्ञान घे, चित्रकला घे. तिने घेतलं आणि पास झाली, आम्ही पेढे वाटले. मग तिला आमच्याच पोस्टात फॉर्म भरायचा होता. डाक सेवकाला दहावीत गणित आणि इंग्रजी पास असावंच लागते. तिचा फॉर्म तिथेच थांबला. ती पास झाली होती तरी रडली. आता ती नुसत्या गणितासाठी परत बसून राहिली आहे.

तर ताई, कोणताही रस्ता घ्या, गणित आणि इंग्रजी सोडू नका. आज पोलीस पाटील डोक्यात आहे, उद्या पोस्टाची जागा तुमच्याच गावात निघेल. वयाची अट आमच्याकडे 40 पर्यंत आहे, राखीव असल्यास आणखी सूट. आणि निवड दहावीच्या गुणांवर होते, म्हणून 35 वर समाधान मानू नका. चांदूरवाले दादा, तुमचं म्हणणं मनापासून आहे, पण नुसतं पास होणं आणि कामाला येईल असं पास होणं ह्यात फरक आहे.

पेपरला न बसता घरबसल्या दहावी करून देतो म्हणणारा कोणी भेटला तर एक रुपया देऊ नका. आमच्या बाजूच्या गावात एकाने तसे पैसे भरले. प्रमाणपत्र आलं, रंगीत, शिक्क्यासकट. ते कुठेच चाललं नाही.

मोर्शीची नणंद

मी चौथीनंतर शाळा सोडली. माझं 17 नंबरमध्ये बसत नाही, मग मी काय करू? वय 29.

बाकावरचे गुरुजी

ताई, तुमच्यासाठी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे. पाचवी आणि आठवीची परीक्षा तिथून देता येते, शाळेत न जाता. आधी पाचवी किंवा थेट आठवी, आणि मग 17 नंबर. तुमच्या पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात जाऊन मुक्त विद्यालयाचं संपर्क केंद्र कोणतं ते विचारा. उशीर झालेला नाही, 29 हे काही वय नाही.

गटाची सचिव

सगळ्यांना उत्तर द्यायला बारा दिवस लागले, कारण ज्यांनी जे सांगितलं ते करून मग लिहायचं असं ठरवलं होतं.

गुरुजी, मी माझ्या जुन्या हायस्कूलमध्ये गेले. 19 वर्षांनी. फाटक तेच आहे, रंग वेगळा. कारकून भाऊंनी दाखल-खारीज रजिस्टर काढलं, आणि ते पानं उलटत असताना मला माझं नाव त्यांच्या आधी दिसलं. समोर शेरा होता, 'सतत गैरहजर'. मी ते वाचून थोडा वेळ काही बोलले नाही. भाऊंनी विचारलं, बाई, बरोबर आहे ना? मी म्हटलं, नाव बरोबर आहे. दाखला माझ्या हाती आहे, त्याच्याशी जन्मतारीखही जुळते.

मुख्याध्यापक मॅडम आहेत, माझ्याच वयाच्या असतील. संपर्क केंद्र म्हणून यादीत आमची शाळा आहे. शनिवारचं विचारलं. विज्ञानाचे सर म्हणाले की दर शनिवारी जमणार नाही, महिन्यातून दोन शनिवार बसेन, प्रयोग तर करून घेईनच. मी 'हो' म्हणायच्या आधीच त्यांनी वहीत वार लिहून घेतले.

काकू, अभ्यासिका आमच्या गावात नाही, शेजारच्या गावात आहे, अडीच किलोमीटर. तिथे एक मुलगी भेटली, एमएस्सी गणित, तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करून राहिली आहे. ती संध्याकाळी स्कूटीवर आमच्या गावात यायला तयार आहे, कारण तिचं आजोळ इथेच. तुमचं ते शंभर रुपयांचं तिला सांगितलं, ती लाजली, पण मी गटाच्या बैठकीत ठराव लिहून घेतला आहे. आम्ही चौघी आहोत. आमच्या गटातल्या दोघी, एक अंगणवाडीची मदतनीस आणि मी. पाचवी बाई येते-नाही करून राहिली आहे, तिच्या सासूशी मी उद्या बोलते.

नववीचं गणित आणलं. अवयवांपासून सुरू केलं आहे. काकू, तुम्ही पायरीचं म्हटलं ते खरं निघालं. गुणाकार अमुक आणि बेरीज तमुक येईल, असे दोन आकडे शोधायचे असतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, मुलाला ते इतकं पाठ आहे की त्याला सांगायचं सुचलं नाही. काल रात्री त्याच्याच शेजारी बसून तीन उदाहरणं सोडवली. चौथं चुकलं. त्याने पाहिलं आणि या वेळी 'असं' न म्हणता विचारलं, आई, इथे उणे का घेतलं तू?

डाकवाले दादा, गणित-इंग्रजी दोन्ही घेते आहे. 17 नंबरच भरणार, केंद्र माझ्या जुन्या शाळेतच आहे म्हणून. तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा, आणि तिला हवं असेल तर मी गणिताच्या वहीचे फोटो पाठवत जाईन, दोघी एकाच धड्यावर असू कदाचित.

गुरुजी, एक राहिलं. आमच्यातल्या मदतनीस ताई दहावीला एकदा बसल्या होत्या, 2012 मध्ये, तीन विषय गेले. त्यांनीही 17 नंबरच भरायचा का?

बाकावरचे गुरुजी

नाही, त्यांनी 17 भरायचा नाही. एकदा परीक्षेला बसलेल्यांसाठी रस्ता वेगळा आहे, तो पुनर्परीक्षार्थी म्हणून, आणि तो ज्या शाळेतून त्या बसल्या होत्या तिथूनच जातो. जुनी गुणपत्रिका घेऊन त्यांना त्या शाळेत पाठवा. अभ्यासक्रम मधल्या काळात बदलला आहे, म्हणून जुन्या पुस्तकांवर त्यांना बसू देऊ नका, तुमच्याच वर्गात बसवा. आणि तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी रिकाम्या ठेवा. एक नावनोंदणीच्या शेवटच्या तारखेसाठी, एक आवेदनपत्राच्या. तारखा जाहीर झाल्या की मी इथे टाकतो.

गटाची सचिव

ठेवल्या. चौघींच्याही वहीत.